खुराड्याबाहेर बसलेल्या जाऊबाई

आमच्या मोठ्या जाऊबाईंना थंडी आवडते का, असं कुणी विचारलं तर मी त्याच्या तोंडावर दार लावीन. अंड्यांसाठी कोंबड्या सांभाळणाऱ्या बाईला हिवाळा आवडत नसतो. दिवस आखडला की कोंबड्या अंडी द्यायला कुरकुर करतात. पाणी इतकं गार होतं की त्या चोच बुडवत नाहीत, आणि पोटात पाणी नाही तर अंडं कुठून येणार? म्हणून जाऊबाई उजाडायच्या आधी उठून पाणी कोमट करायच्या, बादल्या परसात न्यायच्या, ओला भुसा काढून कोरडा पसरायच्या. संध्याकाळी मूठभर दाणे जास्त टाकायच्या, कारण भरल्या पोटी कोंबडीला रात्रीचा गारठा सोसतो. कोंबड्यांच्या त्या घराला आम्ही खुराडं म्हणायचो, पण माणूस उभा राहील एवढी ती पत्र्याची शेड होती.

भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान आणि माझे थोरले दीर, माणूस म्हणून वाईट नाहीत. फक्त जन्मभर उंटावरून शेळ्या हाकत आले. "भुसा बदललास का गं?" हे अंथरुणातून विचारायचं, आणि गिऱ्हाईक आलं की "आमच्या कोंबड्या" म्हणायचं.

जाऊबाई खोकला लपवायच्या. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? आमच्या दोन घरांत एकच भिंत, मला सगळं ऐकू यायचं. यंदा मीच त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. भाऊजीही आले. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासून सांगितलं, की भुशाची धूळ आणि शिटेचा उग्र वास फुप्फुसांना बाधलाय. हिवाळाभर शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. नाहीतर पुढे चार पावलं चालतानाही दम लागेल आणि तो काही बरा होणार नाही.

"घरात दुसरं कोणी नाही का करायला?" त्यांनी विचारलं.

"मी आहे ना!" भाऊजी छाती पुढे काढून म्हणाले. मला हसू आलं. जाऊबाईंना आलं नाही.

दुसऱ्याच सकाळी सुरू झालं, "अगं, जरा ये ना!" खुरपं सापडेना, ये. एक कोंबडी कोपऱ्यात बसलीय, ये. दाणे किती टाकू, ये. जाऊबाई तोंडाला फडकं लावून निघायच्या. मी भिंतीपलीकडून ओरडायचे, "अहो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"एकच मिनिट गं."

असल्या एकेका मिनिटातच त्यांचं आयुष्य गेलं. खरं सांगायचं तर मला भाऊजींपेक्षा त्यांचाच राग यायचा.

मग गारठा वाढला आणि भाऊजींना कोंबड्यांची दया आली. एका संध्याकाळी त्यांनी जुन्या गोण्या आणि फाटकी पांघरुणं गोळा करून शेडची एकूण एक फट बुजवली. छपराखालची वरची जाळीसुद्धा. ती जाळी जाऊबाई कधी झाकत नसत. खालून वारा अडवायचा, वरून वाफ जाऊ द्यायची, ही त्यांची रीत. कोरडी थंडी कोंबडीला चालते, दमट हवा चालत नाही. पण त्या औषधाच्या गुंगीत होत्या. "आज पोरी उबेत झोपतील," असं भाऊजी म्हणाले तेव्हा जाऊबाईंना वाटलं, खालच्याच गोण्या लावल्या असतील.

सकाळी "अगं, ये लवकर!" ऐकू आलं, तो आवाज घाबरलेला होता. मीही धावले. दार उघडलं तर कोंडलेल्या वासानं डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झोंबलं. पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं, भुशाचा चिखल झाला होता. कोंबड्या डोळे मिटून, माना पाडून बसल्या होत्या आणि बऱ्याच जणींच्या तुऱ्यांची टोकं ओल्या गारठ्यानं काळी पडली होती. मी अडवायच्या आत जाऊबाई स्टुलावर चढल्या आणि खोकत खोकत वरच्या गोण्या ओढू लागल्या. मी दुसरी बाजू धरली. भाऊजी दारात उभे राहून "हळू, पडशील" सांगत होते.

बाहेर आल्यावर त्यांचा खोकला थांबेना. पायरीवर बसल्या, ओठ निळे पडलेले. आता ही बाई हातची जाते, असं वाटून मी इतकी घाबरले की दिराचा मान वगैरे विसरले.

"कोंबड्यांना पांघरूण घातलंत. ह्यांना कधी घातलं होतंत?"

"माझा हेतू चांगला होता."

"हेतूनं वाफ बाहेर जाते का?"

जाऊबाईंनी हात वर करून मला गप्प केलं. श्वास लागल्यामुळे एकेक वाक्य तोडून बोलल्या. "अहो, वरचं उघडं राहू द्या. ओला भुसा सगळा काढा. पाणी कोमट द्या. डोळे सुजलेल्या वेगळ्या ठेवा. सांगून झालं. आता मी आत येणार नाही."

"अगं, पण..."

"दमलेय हो मी. खोकल्यानं नाही. आधीपासूनच दमलेय."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. भाऊजींनीही नसावं. ते फावडं घेऊन आत गेले.

पायरीवर ऊन आलं. जाऊबाईंनी भिंतीला डोकं टेकलं.

"अगं, जरा ये ना!"

त्यांचे गुडघे आपोआप हलले. मी बघत होते. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"अगं, घमेलं कुठंय?"

घमेलं दारामागेच होतं, मला दिसत होतं. उठून दिलं की काम झालं. मी अर्धी उठलेसुद्धा, तर जाऊबाईंनी माझं मनगट पकडलं.

"तू पण बस."

मी बसले. आतून तिसरी हाक आली. जाऊबाईंनी माझं मनगट सोडलं नाही. मग काहीतरी धडाधड पडलं, कोंबड्या ओरडल्या, आणि बऱ्याच वेळानं फावड्याचा आवाज सुरू झाला.