वासमास्तरांची नळी

वासमास्तर घरात शिरण्याआधी त्यांचा वास शिरायचा. सेंद्रिय रसायनशास्त्रात पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाच्या कोटाला ईथरचा वास यायचा, कधी सडक्या अंड्यांचा. हे नाव बायकोने ठेवलं आणि कॉलेजभर पसरवलं ते खुद्द मास्तरांनी. "आपलं हसं आपणच करावं," ते म्हणत, "म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याला शिळंच उरतं."

सुरुवातही झोकात झाली होती. पहिल्याच व्याख्यानात त्यांनी फळ्यावर कार्बनला चाराऐवजी पाच हात काढले. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पाचवा टाळ्या वाजवायला का?" सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने मास्तर.

मग नशीब फळफळलं. एका रानटी झुडपाच्या मुळांतून त्यांनी पिवळसर, तेलकट असं एक द्रव्य वेगळं काढलं. निसर्गात हे पहिल्यांदाच सापडतंय, असा निबंध छापून आला आणि मास्तर प्राध्यापक झाले. द्रव्याचे स्फटिक मात्र काही पडेनात. काचेची कांडी घेऊन ते चंबू आतून घासत राहिले. अशा घासण्याने रुसलेले स्फटिक पुष्कळदा खाली येतात. इथे कांड्या झिजल्या, पण द्रव्य तेलकट ते तेलकटच. पुढे तेच द्रव्य त्यांना एका सालीत सापडलं, मग बियांत, मग शेवाळात. ज्याला हात लावावा त्यात ते हजर! "मास्तरांच्या हाताला गुण आहे," लोक म्हणत. मास्तर लाजत, पण नको म्हणत नसत.

निवृत्तीला आठवडा उरला तेव्हा त्यांची शेवटची विद्यार्थिनी दोन आलेख घेऊन दारात उभी राहिली. तिच्या प्रबंधाचा तिसरा अध्याय याच द्रव्यावर होता आणि जमा करण्याची मुदत सोमवारी संपत होती. अर्जावर तेवढी मास्तरांची सही बाकी होती.

"ये बाई. तोंड का असं? चंबू फुटला?"

"नाही सर. कोरा प्रयोग केला."

कोरा प्रयोग हा मास्तरांचा लाडका नियम. सगळी कृती जशीच्या तशी करायची, फक्त मूळ माल घालायचा नाही. मग जे हाताला लागेल ते मालातलं नसतं, भांड्यातलं असतं. हे न करणाऱ्याला ते वर्गाबाहेर काढत.

"मग? काय मिळालं?"

"तुमचं द्रव्य," ती जवळजवळ रडत म्हणाली. "मुळं न घालता. सर, ते आपण अर्क ज्यातून सोडतो त्या नळीतून येतं. ती प्लास्टिकची नळी मऊ राहावी म्हणून कारखान्यात घालतात, तेच आहे ते. अध्यायात मी तसंच लिहिलंय."

मास्तरांनी आलेख उजेडात धरले, एक मुळांचा, एक कोऱ्या प्रयोगाचा. अगदी जुळ्या भावंडांसारखे होते. साल, बिया, शेवाळ, सगळं त्या एकाच नळीतून गेलं होतं. आणि पहिल्या वेळी कोरा प्रयोग? दुसरी एक प्रयोगशाळाही त्याच झुडपाच्या मागे लागली होती. घाई होती. नंतर करू म्हणाले होते.

"अर्ज ठेवून जा," ते म्हणाले.

तीन दिवस अर्ज खणात पडून होता. दर सकाळी ते खण उघडत आणि बंद करत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे जन्मभर नळी उकळलीत?" ती म्हणाली.

"उकळली नाही गं, धुतली."

"ते एकच. आणि त्या पोरीचं काय?"

"मी गेल्यावर दुसरा कुणी सही करील. निदान शनिवारच्या सत्काराचा विचका होणार नाही."

"अहो, सोमवारी मुदत आहे ना तिची? तुमच्या नावाची एवढी काळजी असेल तर ऐका, नाव मीच ठेवलंय. ते काही जात नाही."

शनिवारी सभागृह भरलं. रंगमंचामागे त्या द्रव्याच्या रेणूची पुरुषभर उंच आकृती लावली होती. लोक बोलले, गहिवरले. शेवटी मास्तर उठले, कोटाच्या खिशातून हातभर पिवळट नळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"मागे जिचं चित्र लावलंय," ते म्हणाले, "ती ही. झुडपाचा काही दोष नाही. पोरांनो, कोरा प्रयोग न करणाऱ्याला मी बाहेर काढत आलो. त्या हिशोबाने मी इतकी वर्षं व्हरांड्यात असायला हवा होतो. हे शोधलं माझ्या या विद्यार्थिनीने. दुरुस्तीचा निबंध जाईल तो तिच्या नावाने, माझं नाव मागे. सवय आहे, मी मागच्या बाकाला घाबरत नाही."

मागून कुणीतरी हसलं, आणि पुढच्या रांगेतून बायको टाळ्या वाजवू लागली, एकटीच, जोरात. हळूहळू बाकीचेही वाजवू लागले. सगळेच नाही. विभागप्रमुख खाली बघत बसले होते.

मास्तरांनी विद्यार्थिनीला वर बोलावलं, खिशातून अर्ज काढला आणि नुकतंच भेट मिळालेलं पेन उघडलं. ते उमटेना. कोपऱ्यावर घासलं, पुन्हा घासलं.

"सर, माझं देऊ?"

"थांब गं," ते म्हणाले. "घासण्यातच तर हयात गेली."

चौथ्या रेघेला शाई उतरली.