राखुंडीचा डबा

मावशीच्या डब्यातली राख मी सरांच्या पिशवीत भरली, हे आधीच सांगून टाकतो. सावकाश सांगायला गेलो की मी हमखास उन्हावर, दरडीवर, सरांच्या गुडघ्यावर ढकलत बसतो. गुडघा सरांचा दुखत होता हे खरं, पण आळस माझा होता.

निमोण्याला घोड नदीच्या काठावर मावशीचं वावर. तिथल्या दरडीत वीतभर जाडीचा एक पांढुरका थर होता. गाव त्याला राखुंडी म्हणायचं. बायका आज्या-पणज्यांपासून त्यानं भांडी घासत आलेल्या. समुद्रापलीकडचा कुठला तरी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख उडत येऊन इथं पडली, असं सरांनी सांगितलं, तेव्हा मावशी म्हणाली, "अगं बाई! म्हंजी येवढी वर्सं मी परदेशी पावडर वापरतीय व्हय?"

त्या थराच्या खाली, नदीच्या गोट्यांत, एका रानबैलाचा जबडा अडकलेला होता. पार दगड झालेला. दोन दाढा बाहेर दिसायच्या. पोळ्याला मावशी घरच्या बैलांबरोबर त्या दाढांनाही हळदकुंकू लावायची. मी भूगर्भशास्त्र शिकत होतो, तेव्हा सरांना मीच तिथं नेलं. सर म्हणाले, बाकीचा बैल आत असणार, पण राखेचं वय कळेपर्यंत काही हलवायचं नाही. राखेचं वय कळलं की बैल त्याच्याही आधीचा, एवढं पक्कं सांगता येईल, आणि मग ती दरड राखायला सगळेच पुढं येतील.

मावसभावाला मात्र तीच दरड सपाट करून ऊस लावायचा होता. तो कुरकुंभला कंपनीत शिफ्ट करायचा आणि सुट्टीला घरी आला की जेसीबीचा विषय काढायचा. मावशी त्याला एकच सांगायची, "ह्यो म्हणतोय थांब, तर थांबायचं. वय येऊ दे." ह्यो म्हणजे मी. माझ्या शब्दाखातर ती दोन वर्षं पोटच्या पोराशी भांडली.

नमुना घ्यायच्या दिवशी सर वर बाभळीखाली बसले. त्यांना दरड उतरवत नव्हती. मला चारचारदा बजावलं, "वरचं खरवडून टाक, हातभर आत शिर आणि कोरी राख काढ. काळ्या दगडाचा एक कण जरी आला, तरी वय भलतंच जुनं निघेल." मे महिना. दरडीच्या पोटात ओणवं होऊन मी दोन घाव घातले, डोळ्यांत माती गेली आणि माझं डोकं फिरलं. शेजारीच मावशीनं सकाळी भरून ठेवलेला डालड्याचा डबा होता. याच थरातली राख, तीही चाळलेली. म्हटलं, कशाला मरायचं? पिशवी भरली आणि वर चिठ्ठी लावली : थराचा तळ, हातभर आत. अक्षर मात्र झकास काढलं, शहाण्यानं!

वय हजारांत येतंय की लाखांत, असा सरांचा प्रश्न होता. प्रयोगशाळेतून ते आलं कोटींत. सर निवृत्त व्हायला आले होते, पुन्हा नमुना पाठवायला त्यांच्या हाती वेळ नव्हता. त्यांनी मावशीला पत्र लिहिलं आणि ते मीच तिला वाचून दाखवलं. राखेत नदीची वाळू, म्हणजे काळ्या दगडाचाच चुरा, मिसळलेली आहे, थर मूळचा दिसत नाही, आपण आमच्यासाठी जमीन अडवून ठेवू नये.

मावशीनं तोंडावर हात ठेवला. "अरं देवा! ती वाळू माझीच की रं. नुसत्या राखुंडीनं करपलेलं बूड निघत न्हाई, म्हून डब्यात मूठभर वाळू घालायची मी. तिथंच दरडीपाशी बसून. सांडली आसंल, आत मुरली आसंल."

डब्यात! मला तेव्हाच सगळं कळलं. मी म्हणालो, "असू दे मावशी." असू दे म्हणे. जशी काही तिचीच चूक होती आणि मी ती पोटात घालत होतो.

दरड गेली, बैल गेला, ऊस आला. मावशीनं राखुंडीचा डबा फेकून दिला आणि साबणाची वडी आणली. घरी कुणीही आलं की ती सांगायची, "माझ्या भांड्यांपायी बैल गेला." मी समोर बसून चहा प्यायचो. लाज वाटायची, तरी प्यायचो.

गेल्या दिवाळीला दौंडहून फराळ घेऊन बायकोसह गेलो. मावशी मोरीत तांब्या घासत होती. तिनं बायकोलाही तेच ऐकवलं आणि मला ते सहन झालं नाही. डबा, पिशवी, चिठ्ठी, सगळं ओकून टाकलं. "राख चांगली होती, मावशी. तू काहीच नासवलं नाहीस. मी नासवलं." म्हणता म्हणता मला रडू फुटलं. वाटलं, आता ही शिव्या देईल, तिच्या शिव्या गावभर प्रसिद्ध. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिनं तांब्या खाली ठेवला.

"पत्र बाजाराच्या दिशी आलं हुतं," ती म्हणाली. "आन् जेसीबी आला पुढच्या बाजाराला. मधी आठ दिस दरड हुती तशीच हुती. आठ दिस तू कुठं हुतास रं?"