दादानं आणलेले भंतेजी

भंतेजींचे किस्से म्हणजे उसाची ट्रॉली. एक मोळी ओढायला जावं तर चार अंगावर येतात! माझ्या पंक्चरच्या दुकानात कुणी टेकलं की म्हणतं, "सांग रं एखादा." मग ट्यूब पाण्यात तशीच राहते आणि मी सुरू होतो. खरं तर हे किस्से दादाचे. तो सांगायचा आणि मी हवा मारायचो. आता मलाच सांगावं लागतं. माझी शाळा सातवीतच सुटली, तेव्हा वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या.

भंतेजी म्हणजे आमच्या वस्तीवरचे बौद्ध भिक्षू. वय माझ्याहून थोडंच जास्त. मूळचे श्रीलंकेचे, धर्मदूत म्हणून भारतात आलेले. पुण्याकडच्या एका मोठ्या विहारात राहायचे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, टेम्पोनं भाजी घेऊन तिकडं जायचा. दिवाळीच्या सुमारास रिकाम्या टेम्पोत त्यांना बसवून तो आमच्या गावी, लासुर्ण्याला, घेऊनच आला!

वस्ती जमली. दादानं सगळ्यांसमोर शब्द दिला, "भंतेजींचा वर्षावास यंदा आपल्या वस्तीत व्हनार!"

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूनं एकाच जागी राहायचं, गाव सोडायचं नाही. आमच्याकडं आजवर एकाही भिक्षूनं पावसाळा काढला नव्हता. यायचे, प्रवचन द्यायचे, शेवटच्या एसटीनं परत. ओढ्यापलीकडचे तात्या, वांगी-टोमॅटोवाले मोठे बागाईतदार, बिडी शिलगावत म्हणाले, "समिंदरावरचा मानूस हाय. उन्हाळ्यातच पळंल!"

दादा नुसता हसला.

*

पहिल्याच सकाळी भंतेजी पात्र घेऊन भिक्षेला निघाले. भिक्षूनं मागायचं नसतं. दारात नजर खाली घालून गप उभं राहायचं, मिळालं तर घ्यायचं, नाहीतर पुढचं दार. दादा बाजारला गेलेला. बायकांना सांगायला कुणी नाही. आमच्याकडं दारात आलेल्याला ओंजळभर पीठ घालायची रीत. बायकांनी इमानदारीत घातलं. पात्र शिगोशीग ज्वारीच्या पिठानं भरलं!

आता भिक्षूनं स्वतः रांधायचं नाही आणि दुपार टळली की खायचं नाही. दादा परत येऊन बघतो तर विहाराच्या, म्हणजे आमच्या पत्र्याच्या खोलीच्या, पायरीवर बसून भंतेजी पीठ पाण्यात कालवून पितायत.

दादानं कपाळाला हात लावला. "भंतेजी, ह्ये काय?"

भंतेजी तेव्हा पुस्तकातलं मराठी बोलायचे. म्हणाले, "भाकरी. आपल्या भागातील भाकरी फारच पातळ असते!"

*

मग दादानं घरटी पाळी लावून दिली. रोज एका घरचं शिजलेलं जेवण. पण दुपारच्या आत! आमच्या शेजारच्या गोदाआत्याला हे काही केल्या पटेना. तिची पाळी आली, तिनं हौसेनं मासवड्या मांडल्या आणि व्हायला उशीर झाला. ताट घेऊन पळत आली तर भंतेजी उठून उभे. त्यांनी आपली सावली बघितली. ती पुढं सरकलेली. हात जोडून म्हणाले, "आत्या, मध्यान्ह टळली."

"कोन म्हनतं?"

"माझी सावली."

आत्यानं त्यांना हाक मारमारून लिंबाच्या झाडाखाली आणलं. दाट सावलीत उभं केलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "आता दाव बरं तुजी सावली! कुठं हाय? हाय का? मग बस जेवायला!"

भंतेजी पोट धरून हसले, पण जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी मात्र आत्याच्याच दारात जाऊन गप उभे राहिले. त्यांना काय पाहिजे ते आत्याला बरोबर कळलं. तिनं शिळ्या मासवड्या वाढल्या, तेवढ्याच हौसेनं.

*

एकदा दादा, मी आणि भंतेजी मोरगावहून एसटीनं बारामतीला निघालो. गाडी खच्चून भरलेली. फक्त एक जागा रिकामी, एका म्हातारीच्या शेजारी. भिक्षूनं बाईमाणसाला लागून बसायचं नसतं, म्हणून भंतेजी दांडीला धरून उभे. म्हातारी सरकून सरकून जागा दाखवतेय आणि हे मान हलवतायत.

शेवटी ती भडकली. "का वं म्हाराज? मला काय खरूज झालीया व्हय?"

दादानं सगळं समजावून सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग पायाशी झाकून ठेवलेलं शेरडाचं करडू उचललं आणि दोन जागांच्या मधोमध ठेवलं.

"बस आता. मदी बोकड हाय!"

बारामतीपर्यंत भंतेजी बसून आले. उतरेपर्यंत करडानं भंतेजींच्या अंगावरच्या चिवराचा काठ चावून ओला केला होता, पण नियम कोरडा राहिला!

*

त्या वर्षी वर्ल्डकपच्या सेमीफायनलला श्रीलंकेनं आपल्याला हरवलं. आम्ही सगळे तात्यांच्या टीव्हीसमोर. मी रागाच्या भरात तात्यांच्या दारातली घमेली लाथाडली, अंगठा सुजला तो वेगळाच. सकाळी पाळी नेमकी तात्यांच्या घरची. दादानं भंतेजींना अडवलं, "आज ओढ्यापलीकडं नका जाऊ. लोक तापल्यात." भंतेजींना मॅच होती हेच माहीत नव्हतं! ते गेले. मागोमाग आम्ही.

तात्या दारातच उभे. "या, या! आमच्या पोरांना रडवून आला न्हवं?"

"कोण रडलं?" भंतेजी घाबरले.

"समदा देश! तुमी जिकला की काल!"

"मी? मी तर झोपलो होतो."

 तात्या आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "आगं ऐकलंस का? ह्यो झोपून जिकला आन् आमी जागं राहून हारलो!" आणि असे हसले की बिडीचा ठसका लागला. तोवर तात्यांनी भंतेजींच्या पात्रात स्वतःच्या हातानं कधी काही घातलं नव्हतं. त्या दिवशी आत जाऊन भरताचं भगुनंच घेऊन आले.

*

चैत्रात भिगवणजवळ हायवेवर दादाचा टेम्पो उलटला. दादा जागेवर गेला.

ह्याचा किस्सा होत नाही. मी खूप बघितलं करून.

सगळं उरकून घरी आल्यावर मी भंतेजींवरच ओरडलो होतो. "जग दुःखाचं हाय म्हनता न्हवं? कळलं! आता माजा दादा कुठनं आनू त्ये सांगा!"  दुसऱ्या दिवशी उजाडायला ते येऊन आमचं अंगण झाडायला लागले. मग रोजच. आईला ते बघवेना. भिक्षूनं आपलं अंगण झाडायचं म्हणजे काय! एका सकाळी तीही खराटा घेऊन उठली आणि दुसऱ्या टोकानं सुरू झाली. दोघं झाडत झाडत मधे आले आणि थांबले. दोघांच्या मधे केराचा ढीग.

आई म्हणाली, "आसं दोन्ही कडनं झाडल्यावर क्यार जायचा कुठं, भंतेजी?"

दादा गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

*

पाळ्या आता मी बघायला लागलो. दादाचा शब्द होता, पावसाळ्यापर्यंत एक दिवस मोडू द्यायचा नव्हता. एकदा पाळीच्या घरात अचानक बाळंतपण निघालं, आई दवाखान्यात सोबतीला गेली. मी म्हटलं, त्यात काय, मीच पिठलं करतो! चूल पेटवली. पुढचं विचारू नका. खालून करपलं, वरून कच्चं, मधे गुठळ्या. भंतेजी सगळं जेवले. पात्र पुसून घेतलं.

"कसं झालतं?" मी विचारलं.

गप.

"खरं सांगा की!"

भंतेजी एव्हाना आमच्यासारखं बोलायला लागले होते. म्हणाले, "खोटं बोलू न्हाई असं आमचं शील हाय. म्हनून गप हाय!"

*

आणि आता ट्रॉलीच्या तळाची मोळी.

आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या पहाटे भिक्षू ज्या गावात असतो, तिथंच त्याचे वर्षावासाचे तीन महिने सुरू होतात. तिथून हलायचं नाही. पौर्णिमेला आम्ही खोलीचे पत्रे बांधून घेतले, आईनं जमीन सारवली. दिवस कलायला लागला तेव्हा दारात जीप थांबली. पुण्याकडच्या विहाराचे थोरले भंते उतरले. त्यांनी भंतेजींच्या वाळलेल्या अंगाकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ज्याच्या शब्दावर याला पाठवलं तो राहिला नाही. तुमची ओढाताण मला कळते. वर्षावास शहरात होईल. चला."

थोरल्यांचा शब्द मोडायचा नसतो. भंतेजींनी पात्र खांद्याला लावलं. डोळे खाली.

माझं डोकं फिरलं. मी जाऊन जीपसमोर आडवा पडलो. "माज्या अंगावरनं न्या!"

आईनं दंडाला धरून उठवलं. "ऊठ. दादानं शबूद दिलाय, धमकी न्हाय."

जीप निघाली. ओढ्यापर्यंत गेली आणि पावसानं भिजलेल्या काळ्या रानात रुतली. ड्रायव्हरनं जोर लावला तशी आणखी खाली गेली, पार पोटापर्यंत. आम्ही ढकललं. खरंच ढकललं, आईच्या धाकानं! चाक जागचं हलेना, शेवटची एसटीही कधीच गेलेली. ट्रॅक्टर असा एकच, तात्यांचा. थोरल्या भंतेंनी निरोप धाडला. तात्या आले. मागं हात बांधून जीपभोवती एक चक्कर मारली. भंतेजींच्या खांद्यावरचं पात्र बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"ट्रॅक्टर हाय," तात्या म्हणाले. "डिझेल न्हाय."

ड्रायव्हर म्हणाला, "आमच्याकडं कॅन आहे, देतो की."

"तुमचं डिझेल आमच्या ट्रॅक्टरला बाधतंय."

"मग बैल?"

"बैल सोयऱ्याकडं गेल्यात."

तेवढ्यात तात्यांच्या गोठ्यातून बैल हंबरला. सगळ्यांनी तिकडं बघितलं.

"ती गाय हाय," तात्या म्हणाले.

 थोरले भंते म्हणाले, "तात्या, इथं उजाडलं तर माझाही वर्षावास इथंच बसेल, माहीत आहे ना?"

"म्हंजी दोगं?" तात्यांनी गोदाआत्याला हाळी दिली, "आगं ए गोदे, उद्याच्याला मासवड्या जरा लवकर मांड!"

पहाटे आमच्या पत्र्याच्या खोलीत दोघांनी वर्षावासाचा संकल्प केला. पुढं थोरले, मागं आमचे भंतेजी. अख्खी वस्ती दाटीवाटीनं बसलेली, दारात आई. बाहेर आलो तर धडधड करत तात्यांचा ट्रॅक्टर ओढ्यावर हजर! साखळी लावली, एका हिसक्यात जीप वर. ड्रायव्हर एकटाच रिकामी जीप घेऊन निघाला. जाता जाता त्यानं काच खाली केली आणि विचारलं, "तात्या, डिझेल कुठून आलं हो?"

तात्यांनी बिडी शिलगावली.

"रातच्याला पाऊस न्हाय का झाला?"