कंबर पाहणारा

“बॉल पाहू नको गा. बॉल फसवते. कंबर पाह्य.”

बास्केटबॉलला आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला तो हेच सांगायचा. तो गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावचा, चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. मी नवखा, घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. सगळ्यांनाच थोडा भ्यायचो.

त्याचा खेळ पाहून तुम्हालाही शंका आलीच असती. समोरचा पास द्यायच्या विचारात असतानाच हा मधे पोचलेला असायचा. बॉल काढून घ्यायचा आणि कोणी वळायच्या आत बास्केट. हे आधीच कसं कळतं? कोणीतरी सांगत असणार, असं आम्ही आपसांत म्हणायचो.

फायनल भद्रावतीच्या संघाशी होती. त्याच आठवड्यात तो मला भद्रावतीच्या बसमध्ये चढताना दिसला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

“त्याहिची प्रॅक्टिस पाहाले गेलतो,” तो फुटाणे पुढं करत म्हणाला. “त्याहिच्या कॅप्टननंच देल्ले हे.”

मी फुटाणे घेतले नाहीत. लपवायचं असतं तर त्यानं सांगितलंच नसतं, हे मला सुचलं नाही. मी आमच्या खेळाच्या सरांना सांगितलं, हा आपले डाव तिकडे पोचवतो. विद्यापीठाच्या संघाची निवड त्याच सामन्यातून होणार होती. सरांनी त्याला पूर्ण सामना बाहेर बसवलं.

शेवटचं मिनिट. गुण बरोबरीत. त्यांचा कॅप्टन बॉल घेऊन माझ्यावर आला. बाहेरून याचा आवाज आला, “तुह्या उजवीकडून जाते तो!” मला वाटलं, मुद्दाम चुकवतोय. मी डावीकडे सरकलो. कॅप्टन माझ्या उजवीकडूनच गेला, आणि आम्ही हरलो.

परीक्षा संपल्यावर मी होस्टेलवर गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. तो पेटी भरत होता. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाला, “राहू दे. तू सरकडं गेला, तवाच समजलं मले.”

“मंग बोलले काऊन नाई, भाऊ?”

“बोललो असतो त तुले अजून शक आला असता.”

मग त्यानं पेटीचं एक कडं माझ्या हाती दिलं. स्टँडपर्यंत ती आम्ही दोघांनी नेली. वाटेत त्यानं तीनदा हात बदलला, दर वेळी मला आधी सांगून. बस आली, पेटी आत गेली. मागोमाग तो चढला.