कॅप्टनचा उजवा कान

योगेंद्रने सुलक्षणाला पाहिलं नंतर, ऐकलं आधी. धुळ्यात एका गणेश मंडळासमोर ती गात होती आणि हा मांडवामागे जनरेटरशेजारी मित्राची वाट पाहत उभा होता. त्या घरघरीतूनही तिचा षड्ज मला स्वच्छ ऐकू आला, असं तो पुढे जन्मभर सांगत राहिला. महिन्याभरात रावेरहून त्याची मागणी आली. मुलगा वैमानिक आहे म्हटल्यावर सुलक्षणाच्या घरी कोणी फारसं काही विचारलं नाही.

वैमानिक म्हणजे तो कपाशीवर औषध फवारणारं एका इंजिनाचं विमान उडवायचा, तेही आंध्रात. पिकाच्या डोक्यावरून जायचं, तारा दिसल्या की उचलायचं. पण गावाला तेवढं पुरे होतं. गावाने त्याला कॅप्टनभाऊ करून टाकलं.

पहिली वर्षं चांगली गेली, हे सुलक्षणा कधीच नाकारत नाही. संध्याकाळी तो तंबोरा मांडीवर घ्यायचा, ती गायची. आमटी जळाली तरी उठू द्यायचा नाही. त्याचा कान खरोखरच विलक्षण होता. रस्त्यावरून गेलेल्या मोटारीचा कोणता भाग सैल झालाय हे तो न बघता सांगायचा. "विमानातले काटे खोटं बोलतात," तो म्हणायचा, "इंजिन खोटं बोलत नाही. मी एका कानावरचा हेडफोन सरकवूनच ठेवतो."

पुढे फवारणीची कंपनी बंद पडली आणि तो घरी परतला. वडिलांनी, निंबा आबांनी, रस्त्याकाठची जमीन दिली, तिथे त्याने केळी पिकवण्याची चेंबरं बांधली. धंद्यातही त्याची नजर तयार होती. दिल्लीच्या गाड्या दारात लागू लागल्या, जळगावात बंगला झाला आणि आबा गेल्यावर त्यांच्या नावाने दर हिवाळ्यात गाण्याची बैठक सुरू झाली. बाहेरगावचे गवई यायचे. योगेंद्र पहिल्या रांगेत बसायचा आणि गवई त्याच्याकडे बघून गायचे. त्याने मान हलवली की आख्खं सभागृह मान हलवायचं.

मुलगी मयुरी कॉलेजात जायला लागली त्या सुमाराला पेटी बिघडली. म्हणजे योगेंद्रला ती बिघडलेली वाटू लागली. पेटी वाजवायचा चंदन. लहानपणापासूनचा स्नेही, आणि त्याचे दोन टेम्पो योगेंद्रच्याच केळीवर चालायचे. चंदनने पेटीतले सूर बदलून आणले, पुन्हा बदलून आणले. मग तंबोऱ्याची पाळी आली. तो मिरजेला पाठवला. तिथल्या कारागिराने फोन करून सांगितलं की वाद्यात काही दोष नाही, तारा तेवढ्या नव्या घातल्यात. योगेंद्र म्हणाला, हल्ली चांगले कारागीर राहिलेच नाहीत.

मग सुलक्षणाच उरली.

"वर जाताना उतरतेस तू."

"मला तसं नाही वाटत."

"तुला नाहीच वाटणार. गाणाऱ्याला कळत नाही ते."

ती पहाटे उठून मेहनत करू लागली. खालच्या सुरात तासभर बसायची. गरम पाणी, ज्येष्ठमध, सगळं झालं. त्याच्या कानावर तिचा स्वतःच्या गळ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

त्या हिवाळ्याच्या बैठकीत मुख्य गवयाआधी ती गाणार होती. दरवर्षी तसंच असायचं. तिने वरचा षड्ज लावला आणि पहिल्या रांगेतून योगेंद्रने हात वर केला.

"थांब. सूर उतरतोय."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा लावला.

"सुलक्षणा, पुरे. लोक लांबून इथे चांगलं ऐकायला आलेत."

चंदनचं बोट पेटीच्या त्याच पट्टीवर होतं. त्याने ते उचललं आणि भाता मिटला. सभागृहात जाणते कमी नव्हते. गावातले दोन संगीत शिक्षक होते, पाहुणा गवई पडद्याआड उभा होता. कोणी काही बोललं नाही. सुलक्षणा उठली, साडी सावरली आणि आत जाऊन पाहुण्यांच्या चहाचं बघू लागली.

त्यानंतर ती गायली नाही. शिंदखेड्याची तिची मावशी भिकुबाई एकदा राहायला आली होती. तिने अहिराणीत विचारलं, "बेटी, तू गानं कसाले सोडी दिधं?"

"त्यासना कान भारी शेतस, मावशी. बठ्ठा लोके, आखं गाव म्हनस," सुलक्षणा म्हणाली, आणि केळीचे वेफर तळत राहिली.

मग मयुरी. पोरीचा गळा आईचाच होता. बाप समोर बसायचा, दोन ओळी ऐकायचा आणि डोळे मिटून मान हलवायचा, नकाराची. "आईवर गेलीस." वर्षभरात तिने क्लास सोडला, पुण्याला शिकायला गेली, तिथेच नोकरी धरली. फोन आईला करायची. बापाशी बोलायची ते चेंबरं कशी चाललीत एवढंच.

योगेंद्र टीव्हीचा आवाज वाढवू लागला, फोनवर दोनदोनदा विचारू लागला, तेव्हा सुलक्षणा त्याला धुळ्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सूर काढणारा स्टीलचा दुहेरी चिमटा टेबलाच्या कडेवर हलकेच आपटून आधी डाव्या कानाशी धरला, मग उजव्या.

"दोन्हीकडे सारखंच ऐकू येतंय?"

"नाही," योगेंद्र म्हणाला. "हा दुसरा खाली वाजतोय. दुसरा घेतलात का तुम्ही?"

"एकच आहे, काका." डॉक्टरांनी पुन्हा आपटून दाखवला. "काम काय करायचात?"

योगेंद्रने सांगितलं. कोणता कान उघडा ठेवायचात, असं डॉक्टरांनी विचारलं. त्याने उजव्या कानाला हात लावला.

"इंजिनाने खाल्लाय तो. नुसतं कमी नाही, चुकीचंही ऐकतो. बरीच वर्षं झाली असतील."

सुलक्षणा बाजूच्या खुर्चीत बसून होती. तिने पर्स उघडली, त्यातून काही काढलं नाही, परत मिटली.

परतीच्या वाटेवर पारोळं मागे पडलं. मग तो म्हणाला, "तू तरी सांगायचं होतंस."

"काय?"

"की तू सुरात आहेस. ठामपणे सांगायचं होतंस. तुझं तुला कळायला नको?"

तिने ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहिलं आणि काच खाली केली. गाडीत वारा भरला. त्याला आणखी काही बोलायचं असेल तर ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चंदनला बोलावून सरळ विचारलं. तो पायरीवर बसला, आत आला नाही.

"माहीत होतं, वहिनी. पट्टी माझ्या बोटाखाली होती. तुम्ही तिच्यावर अगदी चपखल होतात."

"मग?"

"दोन टेम्पो होते माझे भाऊकडे. पोरगी लग्नाची होती." पायरीवरून उठत तो म्हणाला, "आणि भाऊला कोण सांगणार?"

योगेंद्रने ही गोष्ट कोणाला कळू दिली नाही. बैठका बंद केल्या आणि धंद्यातून वेळ होत नाही असं सांगितलं. कानात लावायचं यंत्र आणलं, पण लोकांत जाताना तो ते काढून ठेवायचा. सुलक्षणाला त्याने पुन्हा गा असं म्हटलं नाही. एकदा तिने दार लावून स्वतःच प्रयत्न केला. आवाज मधेच चिरला. इतक्या वर्षांनी दुसरं काय होणार होतं. तिने चेंबरांचं काम हातात घेतलं. ते तिला चांगलं जमलं.

मागच्या उन्हाळ्यात योगेंद्र हृदयविकाराने गेला. शोकसभेला सभागृह भरलं. एक संगीत शिक्षक बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितलं की कॅप्टनसाहेबांच्या कानाला बेसूर खपायचा नाही, इतका की एकदा त्यांनी भर बैठकीत स्वतःच्या पत्नीलाही थांबवलं होतं. सुरापुढे त्यांनी नातं पाहिलं नाही. लोकांनी हळहळत माना हलवल्या. चंदन कोपऱ्यात खाली बघत होता.

मग सुलक्षणाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माइकपाशी गेली.

"त्या दिवशी मी सुरात होते," ती म्हणाली. "त्यांचा कान गेलेला होता."

सूत्रसंचालकाने तिला हात धरून खाली आणलं आणि वहिनींना दुःखावेग आवरत नाही, असं माइकवर सांगितलं.

घरी जाताना गाडी मयुरी चालवत होती. तिने आरसा सरळ केला. मग म्हणाली, "म्हणजे मीसुद्धा?"

"तूसुद्धा."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"डॉक्टरकडे गेलो तेव्हापासून."

"त्याला चार वर्षं होतील, आई." मयुरीने गाडी कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. "दर रविवारी फोन करत होते मी तुला."

सुलक्षणा म्हणाली, "ते होते ना गं. ते असताना कसं सांगणार?"

मयुरीने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. तेराव्यापर्यंत ती थांबणार होती. पण दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने ती पुण्याला गेली.