माडीवरची साठ झाडं

आमचं घर उसाचं. आष्ट्यात चार पिढ्या ऊस पिकवतोय, तवा पानी द्यायचं म्हंजे माया करायची, एवढंच आमाला कळतं. आनि सून कुठली आली? माणातली! दहिवडीकडची शिवांजली. तिच्या म्हायेरी मेंढरं आनि वर्साला दोन-चार पाऊस. लगीन होऊन आली तवा आंघोळीला अर्धीच बादली घ्यायची. मी म्हणायची, "आगं, कृष्णा आटली न्हाई अजून, घे की भरून!"

पोरगा ऋषिराज फौजेत, जम्मूकडं. सुनेला करमंना, म्हणून तिनं माडीवर झाडं लावली. कोरफडीच्या भाऊबंदातली, जाडजाड पानांची, कमळागत फुललेली बुटकी झाडं. सक्युलंट म्हणत्यात. फोनवर फोटो बघून सांगलीच्या एका बाईनं लेकीच्या लग्नात पावण्यांना वाटायला साठ झाडं सांगितली. पोरीचा आनंद पोटात माईना. आमचे मालक, केरबा, मातूर फणकारले. "ठिबकच्या नळ्या ठेवायला मला माडी पायजे. ही साठ नीट तयार झाली तर माडी तुझी. न्हाईतर संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी नळ्या वर!"

मार्गशीर्षात तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धा दिवस म्हायेरी जाताना ती मला म्हणली, "आत्या, थंडीत ही झाडं झोपत्यात. पानी अजिबात नगं. नुसतं ऊन मिळू द्या." मी व्हय म्हणलं.

चौथ्या दिवशी बघते तर शेंडे लाल! उसाचं पान लाल पडलं की आमच्या काळजात धस्स हुतं. हितं पानंबी जरा सुरकुतलेली. आगं बया, तहानंनं मेली की बिचारी! मनात म्हणलं, माणातल्या पोरीला काय ठावं, पान्यावाचून झाडाचं काय हुतं ते. मग रोज सकाळी एकेका कुंडीला तांब्याभर. आनि खरं सांगते, लय बरं वाटायचं मला.

ती आली ती पिशवी खांद्याला तशीच, आदी माडीवर. मी मागनं गेले. तिनं एका झाडाला बोट लावलं तर पानं गळून हातात आली. बुडखा काळा, मऊ चिखल झालेला. दुसरं तसंच, तिसरं तसंच. पोरीनं कुंडीतली माती बोटानं चाचपली. माझ्या पान्यानंच ती कुजली हुती, हे मला तवा कळलं; थंडीत ते शेंडे लाल व्हत्यातच, ते काय दुखणं न्हवं, हे मागनं.

खालनं मालक वरडले, "काय झालं गं?"

"थंडी लागली झाडांना, मामा," ती म्हणली.

"झालं! माळावरची झाडं ती, हितं जगायची व्हय? नळ्या आणतोच वर!"

आनि मी? लाज वाटती सांगायला, पर मालकांच्या तोंडाला भिऊन मी गप बसले.

पोरगी रडत बसणारी न्हवं. तिनं सुरी घेतली, सडल्याली बुडं उडवली आनि वरचे चांगले तुरे कापून पेपरावर मांडले. काप वाळायला पाच दिवस लागले. मग कोरड्या भरड वाळूत नुसते टेकवून ठेवले, पान्याचा थेंब न्हाई. मला तर बघवत नव्हतं. महिनाभर मी तिच्या शेजारी बसून वाळू चाळली, कुंड्या भरल्या, दव पडू नये म्हणून सांजचं कापड टाकलं. पर "मीच केलं गं" एवढं तोंडातनं निघालं न्हाई.

भोगीला तिनं एक झाड अलगद उपसून दाखवलं. पांढऱ्या मुळ्या, शेवयांगत! सगळी मोजली तर बावन्न जगली हुती. आठ कमी.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मालक नळ्यांचं भेंडोळं खांद्यावर घेऊन जिना चढाय लागले. "साठ ठरली हुती, बावन्न भरली. माझा शब्द म्हंजे शब्द." सून अंग चोरून बाजूला झाली. तिचं तोंड बघून माझा जीव तुटला. मी जिन्यात आडवी उभी राहिले.

"आवं, थंडीनं न्हाई. मी मारली ती झाडं. रोज तांब्याभर पानी घालून."

सुनेकडं बघायचं मला धाडस हुईना.

"मला ठावं हुतं, आत्या," ती म्हणली. "पहिल्याच दिवशी. माती वली हुती."

"मग बोलली का न्हाईस गं भवाने?"

"तुमी मायेनं घातलंसा. त्यापायी मामांची बोलणी कशाला खायला लावू?"

मालकांनी नळ्या तशाच खाली नेल्या. "दोघी मिळून मला येडा करताय," असं बडबडत गेले. सांगलीच्या बाईनं पुढं बावन्न झाडं आनंदानं नेली आनि माडी सुनेचीच राहिली. पर त्या दिवशी जिन्यात बसून मी पोरीच्या गळ्यात पडून रडले. पंचावन्न वर्सांत माझी चूक कुणी अशी पोटात घातली न्हवती.