पक्कं एक्क्याण्णव

खटाव तालुक्यात फौजेतून परतलेला कुठलाही माणूस मेजरच असतो. भाऊसो मदने खरं तर हवालदार म्हणून निवृत्त झाले. चोवीस वर्षं त्यांनी मिलिटरीच्या गाड्या चालवल्या, पण वडूजच्या एसटी स्टँडवर ट्रंक घेऊन उतरले त्या दिवसापासून ते मेजर. सुरुवातीला चारदोन जणांना त्यांनी खरी रँक सांगून पाहिली. कोणी ऐकून घेतलं तर ना! मग त्यांनीही नाद सोडला, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्यांना आवडायला लागलं.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी ते इस्लामपुरात वीरधवलची गाडी सांभाळतात. वीरधवल म्हणजे ऊस रोपांच्या नर्सरीवाला, वय पस्तीस, हौस मात्र आभाळाएवढी. त्यानं पुण्याच्या कुणाकडून तरी अमेरिकेतून आणवलेली गाडी घेतली. लांब नाकाची, बुटकी, आणि आवाज असा की गल्लीतली कुत्री आपसूक बाजूला व्हावीत. इस्लामपूर ते सातारा कुठल्या गतिरोधकावर तिचं पोट घासतं आणि कुठं तिरकी घातली की सुटते, हे भाऊसोंना पाठ होतं. तिच्यातून उतरायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं. गुडघे बोलायचे, कंबर बोलायची. भाऊसो मात्र एक अक्षर बोलायचे नाहीत.

"मेजर, गाडी तुमच्या हवाली," वीरधवल पहिल्या दिवशी म्हणाला होता. "तुमचा हात लागला की मला घोर न्हाई."

त्या एका वाक्यावर भाऊसोंनी दोन महिने काढले. चोवीस वर्षांत त्यांच्या कागदावर एकही लाल शेरा नव्हता, आणि तो आता म्हातारपणी लागू द्यायचा नाही, एवढीच त्यांची आस. फौजेची शिस्त सोपी: गाडीवर जे लिहिलंय तेच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. पेट्रोलच्या झाकणाच्या आत इंग्रजीत काहीबाही लिहिलं होतं आणि मधोमध ठळक आकडा होता, ९१. पेठनाक्याच्या पंपावर दोन नळ्या. साध्या पेट्रोलवर ९१, महागड्या पावरवर ९५.

पंपावरच्या अंजनानं नेहमीप्रमाणं विचारलं, "साधं का पावर?"

"साधं. लिव्हलंय की झाकणावर," भाऊसो ऐटीत म्हणाले. ही आकडा वाचून पेट्रोल भरायची ऐट त्यांना दोन महिने पुरली.

मग एका सकाळी पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटाच्या चढाला गाडीतून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तसा. पाय दाबला की वाढायचा, पाय काढला की थांबायचा. वर पोचेपर्यंत काचेखाली पिवळा दिवाही लागला. एवढी लाखमोलाची गाडी, पण मालाच्या ट्रकांमागं धापा टाकत चढली. शेजारी बसलेल्या वीरधवलचा चेहरा कडू झाला.

"गुंडा मिस्त्रीचंच काम हाय हे," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात प्लग बदललं न्हवं का त्यानं? डुप्लिकेट घातलं असणार. उद्या कऱ्हाडला जाऊन चारचौघांत इचारतो त्याला. समद्या ग्रुपवर टाकतो."

गुंडाचं गॅरेज एका शटरचं. त्याचं नाव गेलं की सगळंच गेलं. आणि प्लग बदलताना भाऊसो स्वतः शेजारी उभे होते; खोकी त्यांच्या डोळ्यांदेखत फोडली होती. मग खोट कुठं होती?

दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला निघण्याआधी ते पंपावर गेले. अंजनाला सहज म्हणून आवाजाचं सांगितलं. तिनं नळी हातातच धरली आणि वाकून झाकणाच्या आत पाहिलं.

"आवं मेजर, ह्यो अमेरिकेचा आकडा हाय. आमच्या ट्रेनिंगात सांगितलंवतं. त्यांची मोजायची रीत येगळी. त्यांचं एक्क्याण्णव म्हंजी आपलं पंच्याण्णव. हिला पावर लागतंय, साध्यावर अशीच वाजणार."

भाऊसो तिथंच गाडीला टेकले. त्यांना आई आठवली, रंगुबाई. ती वडूजच्या बाजारात लोकर विकायला न्यायची, तेव्हा व्यापाऱ्याला पहिला प्रश्न एकच: शेर कच्चा का पक्का? नाव एकच, माप दोन; पक्कं मोठं, कच्चं लहान. न विचारता शेर म्हणणाऱ्या माणसाला बाजारात वेडा समजत. तिच्या लेकानं देश पालथा घातला आणि झाकणावरचा आकडा न विचारता वाचला. भाऊसोंना स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त, फार दमल्यासारखं वाटलं.

गप्प बसता आलं असतं. आज पावर भरायचं, दोनचार टाक्यांत आवाज आपोआप गेला असता, दिवा विझला असता. पण तोवर गुंडाची अब्रू गेली असती. त्यांनी पावर भरलं आणि गाडी नर्सरीच्या फाटकाशी आणली. वीरधवल तावातावानं बाहेर आला.

"चला, कऱ्हाडला."

"मालक, गुंडाचा दोष न्हाई. चूक माजी हाय," भाऊसो सावधान उभे राहून म्हणाले, आणि आकड्याचं सगळं सांगितलं.

ते वाट बघत राहिले. फौजेत चूक कबूल केली की साहेब झाडायचा, शिक्षा व्हायची, आणि संध्याकाळी तोच साहेब त्याच गाडीत शेजारी बसायचा. शिवी खायची त्यांची तयारी होती. खरं तर त्यांना ती हवी होती.

वीरधवल ओरडला नाही. त्यानं गाडीकडं पाहिलं, मग भाऊसोंच्या गुडघ्यांकडं. त्याचा राग निवला आणि चेहऱ्यावर कणव आली. त्यानं किल्लीसाठी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या, आबा," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला. "ह्या वयात हुतंयच की. दमलाय तुमी. आता नर्सरीत सावलीला बसत जावा. गाडीला मी कुणीतरी बघतो."

आबा. दोन महिन्यांत त्यानं एकदाही मेजर सोडून दुसरी हाक मारली नव्हती. भाऊसोंना ती हाक लागली आणि त्याच क्षणी कंबरेला बरंही वाटलं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

त्यांनी किल्ली दिली. खिशातलं फडकं काढून झाकण उघडलं आणि आतला आकडा स्वच्छ पुसला.

"जो कोण येईल त्येला सांगा," ते म्हणाले, "हे पक्कं एक्क्याण्णव हाय. कच्चं न्हवं."

वीरधवलला काही कळलं नाही. तो म्हणाला, "व्हय आबा," आणि रोपांच्या शेडमधली एक खुर्ची त्यांच्यासाठी ओढून आणायला गेला.